‘हाड लवकर भरून येण्याचं इंजेक्शन घेऊ का?’

डॉक्टरताई, मी २० वर्षांची आहे, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहते. पाच हजार आणि दहा हजार मीटर धावते. दिवाळीनंतर सरांनी धावणं आठवड्याला ५० किलोमीटरवरून एकदम ८० वर नेलं. महिन्याभरात उजवी नडगी दुखायला लागली, घोट्याच्या वर, आतल्या बाजूने. आधी धावून झाल्यावर दुखायची, मग धावताना, आता जिना उतरतानाही दुखते. एक्स-रे नॉर्मल आला. नंतर एमआरआय काढला, त्यात ‘टिबियाचं स्ट्रेस फ्रॅक्चर, ग्रेड ३’ असं लिहिलंय. विद्यापीठाची स्पर्धा दहा आठवड्यांवर आहे. सर म्हणतात, गोळी खाऊन हलकं हलकं चालू ठेव. हाडांच्या डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, कॅल्शियमच्या गोळ्या आणि डी जीवनसत्त्वाच्या पुड्या दिल्या. मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाले, टेरिपॅराटाइड नावाचं इंजेक्शन असतं, रोज घ्यावं लागतं, महाग पडतं. बाबा सोसायटीतून उचल घेऊन पैसे देतो म्हणतात. जिमला जाणारा मावसभाऊ म्हणतो, त्यापेक्षा डेकाचं इंजेक्शन घे, स्वस्त आहे आणि जोर येतो. माझं वजन ४६ किलो, सरांना ४४ हवंय. सकाळी चहा-बिस्किट खाऊन मैदानावर जाते, अकराला मेसचं जेवण, रात्री दोन पोळ्या आणि आमटी. सोमवार-गुरुवार उपवास असतो. आणखी एक, याचा संबंध नसेल कदाचित, पण सात महिने माझी पाळी आलेली नाही. सीनियर मुली म्हणतात, जास्त धावलं की असंच होतं. एका मैत्रिणीने पाळी यायच्या गोळ्या सांगितल्यात. यातलं कोणतं औषध घेतलं तर मी स्पर्धेला उभी राहीन?

— एक धावपटू

तू विचारलंस त्याचं उत्तर आधी देते. यातलं एकही औषध असं नाही, की जे ग्रेड ३ चं हाड दहा आठवड्यांत स्पर्धेच्या वेगाला तयार करेल. या वर्षीची स्पर्धा तू सोडावीस, असं माझं स्पष्ट मत आहे. हे वाचताना तुला किती लागेल, याची मला कल्पना आहे. वर्षभर पहाटे उठून मैदानावर गेलेल्या मुलीला ‘थांब’ सांगणं मला कधीच सोपं जात नाही. पण पुढचं सगळं वाच, कारण तुझ्या पत्रात नडगीपेक्षा मोठं एक दुखणं आहे आणि त्यावर मात्र इलाज आहे.

स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे पडून, आपटून मोडलेलं हाड नव्हे. रोजच्या धावण्याने हाडात अतिसूक्ष्म चिरा पडतात, त्या सगळ्यांनाच पडतात. शरीर त्या आपोआप दुरुस्त करतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी खराब झालेलं हाड खाऊन टाकतात आणि त्यांच्या मागून ऑस्टिओब्लास्ट पेशी तिथे नवं हाड घालतात. गवंडी भिंतीचा पोकळ झालेला भाग आधी पाडतो आणि मग तिथे नवं बांधकाम करतो, तसंच हे काम चालतं. अडचण वेळेची आहे. पाडायला साधारण तीन आठवडे लागतात, भरायला तीन महिने. धावणं एकदम वाढवलं की एकाच वेळी अनेक ठिकाणी पाडापाडी सुरू होते, भरणं मागे पडतं आणि मधल्या काळात ते हाड कमजोर असतं. त्याच हाडावर आपण रोज हजारो पावलं आदळत राहतो. तुझी नडगी वाढीव सरावानंतर महिन्याभरात दुखायला लागली, हे या हिशोबात नेमकं बसतं.

एक्स-रे नॉर्मल आला याचंही नवल नाही. पहिले दोन-तीन आठवडे बहुतेकदा त्यात काहीच दिसत नाही. हे दुखणं तर एक्स-रेहून जुनं आहे. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरांनी १८५५ मध्येच कूच करणाऱ्या सैनिकांचे सुजलेले, दुखरे पाय पाहून त्याची नोंद केली होती. एक्स-रेचा शोध त्यानंतर चाळीस वर्षांनी लागला. आज निदानासाठी एमआरआय सगळ्यांत भरवशाचा, आणि तो काढून घेतलास हे फार चांगलं झालं. ग्रेड ३ म्हणजे हाडाच्या आतल्या मगजापर्यंत सूज गेलेली आहे, पण हाडात स्पष्ट रेघ अजून उमटलेली नाही. रेघ दिसली की तो ग्रेड ४. नडगीच्या आतल्या-मागच्या बाजूची ही जागा कमी धोक्याची मानली जाते, म्हणजे नीट विश्रांती दिली तर शस्त्रक्रियेशिवाय भरून येते. पण त्याला साधारण तीन महिने लागतात, कधी त्याहून जास्त. जसप्रीत बुमराहचं उदाहरण तुला माहीत असेल. २०१९ मध्ये त्याच्या पाठीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं. २०२२ मध्ये पाठीनेच त्याचा टी-ट्वेंटी विश्वचषक हुकवला, पुढे शस्त्रक्रिया झाली आणि तो २०२३ च्या ऑगस्टमध्ये मैदानावर परतला. देशातले उत्तमातले उत्तम डॉक्टर आणि फिजिओ हाताशी असलेल्या खेळाडूलाही हाडाचा वेळ हाडाला द्यावाच लागला.

आता टेरिपॅराटाइडकडे येऊ, कारण त्यासाठी तुझे बाबा उचल घ्यायला निघाले आहेत. आपल्या गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जे संप्रेरक तयार करतात, त्याचाच हा एक तुकडा. रोज थोड्या मात्रेत टोचला तर हाड घालणाऱ्या पेशींना चालना मिळते. अमेरिकेत २००२ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती ऑस्टिओपोरोसिससाठी, म्हणजे मुख्यतः पाळी गेलेल्या, मणके किंवा खुबा मोडण्याचा धोका असलेल्या बायकांसाठी. तिथे ते खरोखर गुणाचं औषध आहे. खेळाडूंच्या स्ट्रेस फ्रॅक्चरसाठी मात्र त्याला मान्यता नाही. काही डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर ते देतात, आणि त्यामागचा विचार चुकीचा नाही: हाड घालण्याचा वेग वाढवणारं औषध असेल, तर ते इथे का वापरू नये? पण विचार पटणारा असणं आणि गुण सिद्ध होणं यांत अंतर असतं. पायाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालेल्या तरुण स्त्रियांवर एक चाचणी झाली, त्यात अवघ्या १३ जणी होत्या. आठ आठवडे रोज इंजेक्शन दिल्यावर रक्तातल्या हाड तयार होण्याच्या खुणा वाढल्या. हाड लवकर भरतं आणि खेळाडू लवकर मैदानात उतरतो, हे मात्र एवढ्याशा चाचणीतून ठरवता आलं नाही. उंदरांना मोठ्या मात्रेत दीर्घकाळ दिल्यावर हाडाचा कर्करोग दिसला होता, म्हणून त्याच्या वेष्टनावर अनेक वर्षं ठळक इशारा असायचा. माणसांत तसा धोका दिसला नाही, म्हणून २०२० मध्ये तो इशारा काढला गेला. तरी वाढ पूर्ण न झालेल्या मुलांना, आधी किरणोपचार झालेल्यांना ते देत नाहीत, आणि गरोदरपणात ते टाळतात.

मग हे कुणाला द्यावं? माझ्या मते, जिचं हाड सगळं नीट करूनही महिनोन्‌महिने भरत नाही, जिची हाडांची घनता फारच कमी आहे, अशा एखाद्या प्रौढ खेळाडूला, आणि तेही संप्रेरकतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. तू त्या टप्प्यावर नाहीस. तुझ्या हाडाला अजून साधी विश्रांतीही मिळालेली नाही. तेव्हा बाबांना सांग, या इंजेक्शनसाठी सोसायटीकडे जाऊ नका. तुझ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी विश्रांती हाच उपाय पहिल्यांदा सांगितला होता. औषधाचं नाव तू मागे लागलीस तेव्हा निघालं.

उद्या कुणीतरी आठवड्यातून एकदा घ्यायची हाडांची गोळी सुचवेल, किंवा वर्षातून एकदा लावायचं सलाइन. त्यांना बिस्फॉस्फोनेट म्हणतात: अॅलेंड्रोनेट, रायसेड्रोनेट, झोलेड्रोनिक अॅसिड. ही औषधं पाडणाऱ्या पेशींना थोपवतात. ऐकायला बरं वाटतं, पण चिरा गेलेलं हाड काढलंच नाही तर नवं घालणार कुठे? इस्रायलच्या पायदळात भरती झालेल्या ३२४ जवानांवर याची चाचणी झाली होती. काहींना रायसेड्रोनेट दिलं, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. दोन्ही गटांत स्ट्रेस फ्रॅक्चरचं प्रमाण सारखंच राहिलं. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की हे औषध एकदा हाडात शिरलं की वर्षानुवर्षं तिथे राहतं. विशीतल्या, पुढे कधी मूल होऊ द्यायची इच्छा असू शकणाऱ्या मुलीच्या शरीरात असं औषध साठवून ठेवण्यासारखं कारण इथे मला दिसत नाही.

‘गोळी खाऊन हलकं हलकं चालू ठेव’ हा सल्ला मैदानावर मी वारंवार ऐकते आणि दर वेळी अस्वस्थ होते. ज्या गोळ्या आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळतात, त्यांत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा अॅसिक्लोफिनॅक असतं. त्या ज्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांना अडवतात, तीच रसायनं हाडाला ‘इथे भार पडतोय, इथे हाड घाल’ असा निरोप पोहोचवण्याच्या कामात असतात. अमेरिकी लष्कराने २००२ ते २०११ या काळातल्या १२ लाखांहून अधिक सैनिकांच्या नोंदी तपासल्या. ज्यांना या गटातली वेदनाशामकं लिहून दिली होती, त्यांच्यात स्ट्रेस फ्रॅक्चरचं प्रमाण जवळपास तिप्पट निघालं. पॅरासिटामॉल घेणाऱ्यांतही ते दुपटीच्या आसपास होतं. आता, ज्याला आधीच दुखतंय तोच गोळी घेणार, त्यामुळे सगळा दोष गोळीचा असं यावरून म्हणता येत नाही. पण दुखणं दाबून पळणाऱ्यांचं पुढे काय होतं, ते त्यातून दिसतं. तुझ्या हाडात अजून रेघ नाही. गोळी घेऊन धावलीस तर ती पडू शकते, आणि पडताना तुला कळणारही नाही, कारण कळायची सोयच आपण बंद केलेली असेल. रात्री ठणका असह्य झाला तर एखाद-दुसरा दिवस पॅरासिटामॉल घे. धावण्यासाठी म्हणून कोणतीही वेदनाशामक गोळी घेऊ नकोस.

डेकाबद्दल मी अगदी कडक शब्दांत लिहिते, कारण हे इंजेक्शन आपल्याकडे ‘ताकदीचं’, ‘हाडांचं’ म्हणून अजूनही सर्रास टोचलं जातं. डेका म्हणजे नँड्रोलोन, पुरुषी संप्रेरकाच्या जातीचं अॅनाबॉलिक स्टेरॉइड. ते जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत कायम बंदी असलेल्या औषधांत आहे, स्पर्धेच्या काळात आणि एरवीही. त्याचे अंश लघवीत कित्येक महिने सापडतात. ‘भावाने दिलं, मला माहीत नव्हतं’ याला सुनावणीत फारशी किंमत नसते. शरीरात जे सापडलं त्याला खेळाडू जबाबदार, असा नियम आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला चार वर्षांपर्यंत बंदी येते. त्यातही मुलीच्या शरीरात ते गेलं की आवाज घोगरा होऊ शकतो, आणि तो नंतर पूर्ववत होईलच असं नाही. चेहऱ्यावर केस येतात, बंद असलेली पाळी आणखी लांबते. मावसभावाचं तुझ्यावर प्रेम असेल, पण हे इंजेक्शन त्याने सुचवलं तरी तू घ्यायचं नाही. जिममधल्या बिनलेबलाच्या पावडरींनाही हेच लागू आहे. दुखऱ्या जागी कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ पाहिलं तर त्यालाही नकार दे. ती कॉर्टिकोस्टेरॉइडं वेगळ्या जातीची असतात, पण हाडाला ती मारकच, आणि २०२२ पासून स्पर्धेच्या काळात त्यांची सगळ्या प्रकारची इंजेक्शनं बंदीच्या यादीत आली आहेत. कोणतंही औषध घेण्याआधी नाडाच्या, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, ‘नो युअर मेडिसिन’ अॅपवर त्याचं नाव टाकून पाहायची सवय लावून घे. तुला सर्दीच्या गोळीसाठीही त्याचा उपयोग होईल.

कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व चालू ठेव. या सगळ्या यादीत मोठ्या चाचणीचा आधार असलेली गोष्ट हीच आहे. अमेरिकी नौदलात भरती झालेल्या पाच हजारांहून अधिक तरुणींपैकी अर्ध्यांना प्रशिक्षणाच्या आठ आठवड्यांत रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट डी जीवनसत्त्व दिलं, तेव्हा त्यांच्यात स्ट्रेस फ्रॅक्चर सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली. ही गोष्ट फ्रॅक्चर टाळण्याची आहे, झालेलं झटपट बरं करण्याची नाही, हे लक्षात असू दे. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही, तरीही डी जीवनसत्त्वाची कमतरता घरोघरी सापडते, म्हणून रक्तातली पातळी तपासून घे. ६० हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, ठरलेले आठवडेच. लवकर गुण यावा म्हणून रोज घेऊ नकोस. अति झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात आणि मूत्रपिंडाला इजा होते.

आता ती सात महिन्यांची गोष्ट. संबंध नसेल कदाचित, असं तू लिहिलंस. माझ्या मते सगळ्यात जवळचा संबंध तिथेच आहे. आपल्या शरीराला रोजच्या जगण्यासाठी ऊर्जा लागते: हृदय, मेंदू, प्रतिकारशक्ती, हाडांची दुरुस्ती, पाळी. धावण्यात खर्च झाल्यावर जे उरतं, त्यात हे सगळं भागवायचं असतं. उरलेलं फारच कमी पडलं, की मेंदू काही कामं बंद करतो, आणि मुलींमध्ये पहिल्यांदा बंद होणाऱ्या कामांत पाळी असते. पाळी बंद म्हणजे इस्ट्रोजेन कमी. इस्ट्रोजेन हाड पाडणाऱ्या पेशींना लगाम घालतं. तो लगाम सुटला की हाड झिजतं. वीस वर्षं हे तर हाडांची आयुष्यभराची पुंजी साठवायचं वय, आणि त्याच वयात तुझी पुंजी खर्च होते आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं, म्हणजे खेळात ऊर्जेची तूट पडल्यामुळे सगळ्या शरीरावर होणारा परिणाम. मुलांनाही तो होतो, फक्त त्यांना पाळीसारखी धोक्याची खूण मिळत नाही.

तुझाच ढोबळ हिशोब मांडते. ४६ किलोंतली चरबी वगळली तर शरीर साधारण ३८ किलो. आठवड्याला ८० किलोमीटर म्हणजे धावण्याच्या दिवशी १३-१४ किलोमीटर, त्यात जवळपास ६०० कॅलरी जातात. तू लिहिलेलं जेवण फार तर १४०० कॅलरींचं आहे, उपवासाच्या दिवशी त्याहून कमी. उरल्या ८००. त्यांना ३८ ने भागलं की किलोमागे २१ कॅलरी येतात. हा आकडा ४५ च्या आसपास हवा. ३० च्या खाली बराच काळ राहिला की हाडं आणि संप्रेरकं बिघडायला लागतात. ही तूट रोजची आहे आणि ती महिनोन्‌महिने चालू आहे. अशा शरीरावर ८० किलोमीटर लादले आणि नडगी बोलली. आणि सर आणखी दोन किलो उतरवायला सांगत आहेत! ते करायचं नाही. वजन उलट वाढायला हवं. अमेरिकेची मेरी केन १७ व्या वर्षी, २०१३ च्या जागतिक स्पर्धेत १५०० मीटरची अंतिम फेरी धावली होती. पुढे वजन घटवण्याचा दबाव आला. तीन वर्षं पाळी आली नाही आणि पाच हाडं मोडली, असं तिने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं. ‘जास्त धावलं की असंच होतं’ म्हणणाऱ्या सीनियर मुलींना हे नक्की सांग. त्यांच्यातल्याही काहींची पाळी गेली असेल.

मैत्रिणीने सांगितलेल्या गोळ्या बहुधा गर्भनिरोधक गोळ्या असाव्यात. त्या घेतल्या की दर महिन्याला रक्तस्राव होतो, पण तो गोळी थांबवल्यामुळे होतो; तुझी स्वतःची पाळी सुरू झाली असा त्याचा अर्थ नसतो. हाडांना त्याचा फायदा होत नाही, आणि तूट भरून निघाली का हे सांगणारी सगळ्यांत ठळक खूण झाकली जाते. संप्रेरकतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे, की अशा मुलींना निव्वळ पाळी आणण्यासाठी किंवा हाडांसाठी या गोळ्या देऊ नयेत. खाणं आणि सराव सुधारून काही महिने वाट पाहूनही पाळी आली नाही, तर त्वचेवाटे नैसर्गिक इस्ट्रोजेन देता येतं, सोबत दर महिन्याला काही दिवस प्रोजेस्टेरॉन. पाळी बंद झालेल्या तरुण खेळाडूंच्या २०१९ मधल्या चाचणीत या पद्धतीने हाडांची घनता सुधारली, तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी तसं झालं नाही. औषधांपैकी तुझ्यासारखीला पुढे कधी लागलंच, तर हे लागेल. पण ते स्त्रीरोगतज्ज्ञाने तपासून द्यायचं औषध आहे.

त्यांच्याकडे तू या आठवड्यातच जा. पाळी बंद होण्याची इतरही कारणं असतात, म्हणून थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिओल ही संप्रेरकं रक्तात तपासतील. गर्भधारणेची चाचणीही करतील. ती सगळ्यांचीच करतात, मनाला लावून घेऊ नकोस. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि डी जीवनसत्त्व बघून घे. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणीही करून घे. तुझ्या वयात त्यातला झेड-स्कोअर बघायचा, म्हणजे आपल्याच वयाच्या मुलींच्या तुलनेतला आकडा, आणि धावपटूचा तो उणे १ च्या खाली असेल तर ते गांभीर्याने घ्यायचं. बाबांना पैसे खर्च करायचेच असतील तर ते या तपासण्यांवर आणि तुझ्या खाण्यावर करू देत.

खाणं म्हणजे काही परदेशी पावडर नको. सकाळी मैदानावर जायच्या आधी केळं किंवा गूळ-पोळी, आल्यावर अर्ध्या तासात दूध आणि दोन अंडी. अंडी चालत नसतील तर मोड आलेली उसळ किंवा पनीर. मेसमध्ये एक भाकरी जास्त, वर तूप. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे आणि गूळ, रात्री झोपताना पुन्हा पेलाभर दूध. एवढ्यानेच बरीचशी तूट भरून निघते. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तिची भाकरी, आंबील, जे मिळेल ते घे. धावणं बंद आहे म्हणून खाणं कमी करू नकोस, हाड भरायलाही ऊर्जा लागते. उपवासाची श्रद्धा मी समजू शकते. घरच्यांशी बोलून पाळी परत येईपर्यंत ते बंद ठेवता आले तर उत्तम. नाहीतर त्या दिवशी भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दूध असं पोटभर खा. चहावर दिवस काढायचा नाही.

पायाचं म्हणशील, तर चालताना दुखतंय तोवर कुबडी घे. लंगडत चालू नकोस. हवा भरायचा पायाचा ब्रेस मिळाला तर डॉक्टरांना विचारून वापर, नडगीच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमध्ये त्याने परतणं थोडं लवकर होतं असे संकेत आहेत. दम टिकवायला पोहणं, पाण्यात कमरेला पट्टा बांधून धावणं, दुखत नसेल तर जागेवरची सायकल. चालणं सलग दहा-चौदा दिवस पूर्ण बिनदुखीचं झालं आणि हाडावर दाबून दुखेनासं झालं, की फिजिओच्या नजरेखाली एक मिनिट धाव, एक मिनिट चाल, तेही एक दिवसाआड. तिथून किलोमीटर आणि वेग एकाच आठवड्यात दोन्ही वाढवायचे नाहीत.

सरांशी तू एकटीने बोलू नकोस. बाबांना बरोबर ने आणि एमआरआयचा रिपोर्ट समोर ठेव. बहुतेक सर मुलींच्या वाईटावर नसतात. पाळीचा आणि हाडाचा संबंध त्यांना कुणी सांगितलेलाच नसतो, आणि मुलींनाही त्यांच्यासमोर तो विषय काढता येत नाही. तोंडाने सांगायची लाज वाटत असेल तर हे उत्तर त्यांच्या हातात दे. त्यांनी तरीही गोळी खाऊन पळायला सांगितलं, तर त्यांना नकार द्यायचा तुला पूर्ण अधिकार आहे.

आणि हे लक्षात ठेव: विश्रांती घेऊनही दुखणं रात्री झोपेत जाणवायला लागलं, नडगीच्या पुढच्या धारेवर एका बोटाएवढ्या जागी टोकदार दुखायला लागलं, किंवा जांघेत किंवा खुब्यात दुखायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नकोस. खुब्याच्या हाडाचं स्ट्रेस फ्रॅक्चर सरकलं तर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. त्या पायावर भार देणं तिथल्या तिथे थांबव आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.